गाविलगड–नरनाळा–मेळघाट परिसराचे वारसा व पर्यटन व्यवस्थापन

अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या उत्तरेस सातपुड्याची जी रांग पसरली आहे, तिला गाविलगडचे डोंगर म्हणतात. या डोंगरांत गाविलगड व नरनाळा हे दोन मध्ययुगीन गिरिदुर्ग, चिखलदरा हे थंड हवेचे ठिकाण आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्प ही सर्व स्थळे परस्परांना लागून आहेत. कागदोपत्री ती निरनिराळ्या खात्यांकडे असली तरी प्रत्यक्षात तो एकच भूप्रदेश आहे. त्याच्या जतनाचा आणि तेथे येणाऱ्या पर्यटकांच्या नियमनाचा प्रश्न त्यामुळे केवळ वन्यजीवांचा किंवा केवळ पुरातत्त्वाचा राहत नाही. त्यात कोरकू व गवळी वस्त्यांचे जगणे, वऱ्हाडच्या सपाट भागाचे पाणी आणि डोंगरावरील व्यापार हे सारे गुंतलेले आहे.

भूप्रदेश

'मेळघाट' या नावाचा अर्थ घाटांचा मेळ असा सांगितला जातो. वैराट हे या रांगेतील सर्वोच्च ठिकाण असून त्याची उंची सुमारे ११७८ मीटर आहे. खंडू, खापरा, सिपना, गडगा व डोलार या नद्या डोंगरांच्या उत्तर अंगाला वाहत तापीकडे जातात. दक्षिणेकडील ओढे-नद्या पूर्णेला मिळतात आणि पूर्णाही पुढे तापीलाच मिळते. जंगल शुष्क पानझडी प्रकारचे आहे. त्यात साग प्रमुख असून बांबूची बेटेही आहेत. वाघ, बिबट्या, अस्वल, रानगवा, सांबर यांच्याबरोबरच रानपिंगळा या दुर्मीळ घुबडाचा येथे आढळ आहे. हा पक्षी नामशेष झाला असे शंभराहून अधिक वर्षे मानले जात होते. १९९७ मध्ये तो उत्तर महाराष्ट्रात पुन्हा दिसला आणि त्यानंतर मेळघाटातही त्याची नोंद झाली.

या डोंगरांचे महत्त्व पायथ्याशी उभे राहिल्यावर अधिक कळते. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा मोठा पट्टा 'खारपाणपट्टा' म्हणून ओळखला जातो. तेथील भूजल खारे आहे आणि विहीर खणली तरी पिण्याजोगे पाणी लागेलच असे नाही. या पट्ट्यातील अकोट व तेल्हारा भागातील अनेक गावांना वान नदीवरील हनुमान सागर जलाशयातून पाणी पुरविले जाते. वानचे पाणलोट क्षेत्र याच जंगलात आहे. डोंगरावरील झाड आणि सपाटीवरील माठ यांचा असा थेट संबंध आहे. पर्यटनाच्या चर्चेत तो क्वचितच येतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

फिरिश्ताच्या वृत्तान्तानुसार बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५च्या सुमारास गाविलगड बांधविला आणि नरनाळ्याची दुरुस्ती केली. नरनाळ्याची वहिवाट त्याहून जुनी आहे, असे यावरून दिसते. गाविलगडाचे नाव या डोंगरांत गुरे राखणाऱ्या गवळी लोकांवरून पडले, असे परंपरा सांगते. बहमनी राज्याचे तुकडे झाले तेव्हा वऱ्हाडची इमादशाही फतहुल्ला इमादुल्मुल्क याने स्थापन केली. त्याने दोन्ही किल्ल्यांवर बांधकामे केली. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा १४८७ मधील आहे. फिकट वालुकाश्मातील त्याची कमळे, सज्जे आणि सुलेखनातील शिलालेख पाहता हा दरवाजा संरक्षणासाठी जितका होता, तितकाच वैभव दाखविण्यासाठीही होता हे ध्यानात येते. अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातील दोन सरकारे या दोन किल्ल्यांच्या नावांनी ओळखली जात. 'आईन-इ-अकबरी'त त्यांचा उल्लेख आहे.

दुसऱ्या इंग्रज–मराठा युद्धात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आडगाव येथे लढाई झाली. हे गाव आज अकोला जिल्ह्यात आहे. तेथे पराभूत झालेल्या नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा मोठा भाग गाविलगडावर गेला. आर्थर वेलस्लीच्या हाताखालील कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगरातून वाट काढत तोफा किल्ल्याच्या उत्तर अंगास ओढून नेल्या. त्या बाजूने पठार किल्ल्याला भिडते, म्हणून तीच बाजू कमजोर होती. १५ डिसेंबर १८०३ रोजी किल्ला पडला. किल्लेदार बेणीसिंग लढताना मारला गेला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. १८५७च्या उठावानंतर हा किल्ला पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नये म्हणून १८५८ मध्ये इंग्रजांनी त्याचे बांधकाम जागोजागी पाडले. आज पर्यटकाला जी पडझड दिसते, ती सगळी काळाने केलेली नाही.

संरक्षणाची दुहेरी चौकट

गाविलगड व नरनाळा हे दोन्ही किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने संरक्षित केलेली राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके आहेत. १९५८चा प्राचीन स्मारके कायदा व त्यातील २०१० ची दुरुस्ती त्यांना लागू होते. या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित आहे.

दुसरी चौकट वन्यजीव संरक्षणाची आहे. व्याघ्र प्रकल्प योजनेत देशात आरंभी निवडलेल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते आणि महाराष्ट्रातील तो पहिला व्याघ्र प्रकल्प होय. २२ फेब्रुवारी १९७४ रोजी त्याची घोषणा झाली. गुगामल राष्ट्रीय उद्यान (३६१.२८ चौ.कि.मी.) १९८७ मध्ये अस्तित्वात आले. पुढे मेळघाट, वान, अंबाबरवा व नरनाळा ही अभयारण्ये जोडून सुमारे १५०० चौ.कि.मी.चे गाभा क्षेत्र ठरविण्यात आले. भोवतालचे बफर क्षेत्र धरून प्रकल्पाचा विस्तार सुमारे २७६८ चौ.कि.मी. होतो. अंबाबरवा बुलढाणा जिल्ह्यात आणि नरनाळा अकोला जिल्ह्यात आहे. नरनाळा अभयारण्य अवघे १२.३५ चौ.कि.मी. असून त्याच्या मधोमध किल्ला आहे.

या दोन चौकटी एकाच भूमीवर आल्याने काही विलक्षण प्रसंग उद्भवतात. नरनाळ्याच्या तटात पिंपळ किंवा वड रुजला तर पुरातत्त्वाच्या दृष्टीने तो चिरे फोडणारा शत्रू असतो, पण अभयारण्याच्या हद्दीत झाड तोडण्यास वन्यजीव कायद्याची बंधने आहेत. रोप हातभर असताना ते उपटणे पाच मिनिटांचे काम असते. पत्रव्यवहार होईपर्यंत मुळे तटाच्या गाभ्यात शिरलेली असतात, आणि मग झाड काढले तरी भिंत ढासळते. अशा कामांसाठी दोन्ही खात्यांची वार्षिक संयुक्त पाहणी व ठरावीक उंचीखालील रोपे काढण्याची कायमची अनुमती असणे सोयीचे ठरते.

तलावांचेही तसेच आहे. नरनाळा व गाविलगड या दोन्ही किल्ल्यांवर अनेक तलाव आहेत. पठारावर पडणारा पाऊस दगडी पन्हळींवाटे त्यांत वळवून साठविण्याची जुनी योजना नरनाळ्यावर आजही ओळखता येते. गडावर शिबंदी होती तेव्हा हे पाणी माणसांसाठी होते. आता उन्हाळ्यात वन्यप्राणी तेथे पाण्यावर येतात. तलावातील गाळ काढणे हे वारशाचे जतन आहे आणि वन्यजीवांची सोयही आहे. दोन खात्यांची उद्दिष्टे एकमेकांना पूरक ठरतात अशी ही मोजक्या कामांपैकी एक जागा होय. पण गाळ कसा काढावा हेही महत्त्वाचे आहे. यंत्राने सरसकट खरवडल्यास तळाचे जुने बांधकाम व गाळात दडलेले अवशेष दोन्ही नष्ट होतात.

चिखलदऱ्याची गर्दी

चिखलदरा सुमारे १११८ मीटर उंचीवर वसलेले आहे. भीमाने कीचकाला मारून या दरीत फेकले, म्हणून 'कीचकदरा' आणि त्याचे चिखलदरा, अशी आख्यायिका आहे. इंग्रजी अमदानीत हैदराबाद फौजेतील अधिकाऱ्यांचे लक्ष या जागेकडे गेले आणि पुढे ती हवा खाण्याची जागा म्हणून वाढली. येथे कॉफीची लागवड झाली व तिचे मळे आजही पाहायला मिळतात. देवी पॉइंट, पंचबोल पॉइंट, भीमकुंड, हरिकेन पॉइंट आणि गाविलगड ही नेहमीची प्रेक्षणीय स्थळे आहेत.

विदर्भात थंड हवेचे दुसरे मोठे ठिकाण नसल्याने नागपूर, अमरावती, अकोला, यवतमाळ या सर्व बाजूंनी लोक येथेच येतात. जुलै ते सप्टेंबर हा मुख्य हंगाम असतो. शनिवार-रविवार आणि स्वातंत्र्यदिनाला जोडून आलेल्या सुट्ट्यांत घाटात वाहनांच्या रांगा लागतात. परतवाड्याहून वर येण्यास धामणगाव गढीमार्गे व घटांगमार्गे असे दोन रस्ते असल्याने गर्दीच्या दिवसांत एकाने चढणे व दुसऱ्याने उतरणे अशी एकेरी वाहतूक करता येते. हा उपाय साधा आहे, पण तो गर्दी फक्त वाटून देतो. वर गेलेली वाहने पठारावर कोठे उभी राहणार, हा प्रश्न तसाच राहतो.

पाण्याचा विरोधाभास येथेही आहे. विदर्भातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत गणना होणाऱ्या या तालुक्यातील अनेक गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. बेसाल्टच्या उताराच्या पठारावर पाणी मुरत नाही, ते वाहून जाते. नव्या निवासगृहांची मागणी मे महिन्याच्या पाण्यावर मोजली पाहिजे. ती ऑगस्टच्या धबधब्यांवर मोजली जाते.

पर्यटन वाढविण्यासाठी सिडकोला येथे नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले आणि गोराघाट व हरिकेन पॉइंट यांच्या दरम्यान सुमारे ४०७ मीटर लांबीच्या काचेच्या आकाशमार्गाचे काम हाती घेतले गेले. व्याघ्र प्रकल्पाच्या सान्निध्यामुळे लागणाऱ्या पर्यावरण व वन्यजीवविषयक परवानग्यांअभावी ते काम दीर्घ काळ रेंगाळले. या प्रकल्पाविषयी दोन मते आहेत. स्थानिक व्यावसायिकांना त्यातून वर्षभराचा रोजगार दिसतो. निसर्गप्रेमींना वाटते की दरीचा विस्तार पाहायला दरीतच बांधकाम करण्याची गरज नाही. दोन्ही मतांपेक्षा अधिक महत्त्वाची बाब म्हणजे क्रम. आकर्षण आधी ठरवून परवानग्या नंतर मागितल्या की पैसा अडकतो आणि मग नकार देणेही अवघड होते.

वहनक्षमता

एखादे स्थळ आपले मूल्य न गमावता एका वेळी किती पर्यटक सामावून घेऊ शकते, त्या मर्यादेस वहनक्षमता म्हणतात. व्याघ्र प्रकल्पांतील पर्यटनाविषयीच्या एका याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये गाभा क्षेत्रातील पर्यटनास अंतरिम मनाई केली. ऑक्टोबर २०१२ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाल्यावर ही मनाई उठली. या तत्त्वांनुसार गाभा क्षेत्राच्या २० टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनासाठी वापरता येत नाही आणि प्रत्येक प्रकल्पाने आपली वहनक्षमता काढावयाची असते.

ही मोजणी तीन पायऱ्यांनी होते. ती समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पर्यटनाचे रस्ते ६० कि.मी. आहेत आणि धुळीचा त्रास टाळण्यासाठी दोन वाहनांत ५०० मीटर अंतर हवे आहे, असे समजा. तर एका वेळी १२० वाहने मावतील. क्षेत्र दिवसाला आठ तास उघडे असून एक फेरी चार तासांची असेल तर दिवसभरात २४० वाहने होतील. ही झाली भौतिक क्षमता. आता रस्त्याची धूप, प्राण्यांच्या विणीचा काळ, पावसाळ्यातील बंद दिवस यांसाठी वजावट करावी लागते. धुपेसाठी ०.६ व प्राण्यांना होणाऱ्या उपद्रवासाठी ०.७ असे गुणक धरल्यास संख्या सुमारे १०० वर येते. ही वास्तविक क्षमता. शेवटी, मंजूर कर्मचाऱ्यांपैकी ७० टक्केच जागेवर असतील तर ती ७० वर उतरते. ती प्रभावी क्षमता होय. तिसरी पायरी सर्वांत बोलकी आहे, कारण वनरक्षकांची रिक्त पदे भरली नाहीत तर पर्यटकांची संख्याही वाढविता येत नाही, असे ती सांगते.

मेळघाटात सेमाडोह, कोलकास, हरिसाल, शहानूर व चिखलदऱ्याहून वैराट अशी पर्यटनाची दारे आहेत. सिपना नदीच्या वळणावरील कोलकास तेथील हत्तींसाठी प्रसिद्ध आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरील प्राणी पाहण्याच्या उपक्रमास शुल्क व मर्यादित जागा असूनही मोठी मागणी असते. जंगलात वाहनांचे नियमन बऱ्यापैकी होते. अडचण अशी की ही मोजणी व्याघ्र प्रकल्पाच्या दारापाशी थांबते. चिखलदऱ्याच्या बाजारपेठेला, घाटाला किंवा गाविलगडाच्या दरवाजाला वहनक्षमता ठरविणारी अशी बंधनकारक पद्धत नाही. प्राण्यांना मात्र ही सीमा ठाऊक नसते.

धारगडची यात्रा

गर्दी म्हणजे केवळ सहलीची गर्दी नव्हे. अकोटच्या उत्तरेस, गाभा क्षेत्रात धारगड येथे महादेवाचे गुहामंदिर आहे. श्रावणात तेथे मोठी यात्रा भरते आणि अकोला-अमरावतीकडील भाविक पावसात घाट चढून जातात. व्याघ्र प्रकल्पाच्या घोषणेपूर्वीपासूनची ही परंपरा आहे. त्यामुळे तिला पर्यटन समजून शुल्क व आरक्षणाच्या चौकटीत बसविता येत नाही आणि वर्षातील सर्वांत नाजूक ऋतूत, गाभ्यात होणारी हजारोंची वर्दळ दुर्लक्षिताही येत नाही. वन विभाग वेळ, वाहने व प्लॅस्टिक यांवर निर्बंध घालून यात्रा पार पाडतो. दरवर्षी या निर्बंधांवरून ताण निर्माण होतो. मंदिर समित्या, ग्रामपंचायती व वन विभाग यांनी नियम यात्रेच्या आदल्या आठवड्यात न ठरविता उन्हाळ्यातच ठरविले, तर भाविकांना ते लादलेले वाटणार नाहीत.

येथील माणसे

कोरकू हा मेळघाटातील प्रमुख आदिवासी समाज आहे. त्याची भाषा मुंडा कुळातील असून तिचे जवळचे नातेवाईक मध्य व पूर्व भारतात आढळतात. गवळी समाज मोथा, शहापूर यांसारख्या गावांत दूध व खव्याचा व्यवसाय करतो. चिखलदऱ्याला येणाऱ्या पर्यटकाला रबडी आवडते, ती या गावांमुळे. १९९०च्या दशकापासून बालमृत्यू व कुपोषणामुळे मेळघाटाचे नाव राज्यभर गाजले. पर्यटनाच्या उत्पन्नातील वाटा स्थानिकांना मिळतो की नाही, हा प्रश्न या पार्श्वभूमीवर तपासावा लागतो.

गाभा क्षेत्र निर्मनुष्य करण्यासाठी या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा व कुंड ही गावे अकोटजवळ हलविण्यात आली. त्यानंतर आणखी गावांचे स्थलांतर झाले. रिकाम्या झालेल्या गावठाणांत व शेतांत गवत वाढले आणि तृणभक्षी प्राणी तेथे चरू लागले. वन्यजीवांच्या दृष्टीने हे यश आहे. पण सपाटीवर आलेल्या कुटुंबांना जमीन, पाणी, सरण व रानमेवा यांविना नव्याने संसार उभारावा लागला. जानेवारी २०१९ मध्ये केलपानी–गुल्लरघाट परिसरात काही पुनर्वसित ग्रामस्थ जुन्या गावठाणी परतले. तेव्हा त्यांची वनकर्मचारी व पोलीस यांच्याशी चकमक झाली आणि दोन्हीकडचे लोक जखमी झाले. आश्वासित सुविधा मिळाल्या नाहीत, ही त्यांची तक्रार होती. ज्या जंगलातून एका कुटुंबाला बाहेर काढले जाते, त्याच जंगलात तिकीट घेऊन आलेल्या वाहनास प्रवेश मिळतो. हा विरोध पुनर्वसित लोकांच्या नजरेतून सुटत नाही.

वेगळे उदाहरण अचलपूर तालुक्यातील पायविहीर या गावाचे आहे. वनहक्क कायदा, २००६ अन्वये या गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड टेकडीवर ग्रामसभेने चराईबंदी, वृक्षलागवड व जलसंधारण केले. तेथील सीताफळांना शहरी बाजारपेठ मिळाली आणि २०१४ मध्ये गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरील पुरस्कार लाभला. पायविहीर हे पर्यटनस्थळ नाही, आणि हेच त्याचे महत्त्व आहे. डोंगरपायथ्याच्या गावाला उत्पन्नासाठी पर्यटकावर अवलंबून राहावेच लागते असे नाही, हे त्याने दाखविले.

रेल्वेमार्ग

अकोला–खांडवा हा मीटरमापी लोहमार्ग वान अभयारण्यातून जात असे. धूळघाटाजवळ चढण कमी करण्यासाठी हा मार्ग स्वतःलाच वळसा घालतो. रेल्वे अभियांत्रिकीचा तो जुना नमुना आहे. रुंदीकरणासाठी मार्ग बंद झाल्यावर अकोला–अकोट टप्पा रुंदमापी झाला, पण जंगलातील टप्प्यावर वाद उद्भवला. रुंदमापी मार्गावर गाड्यांची संख्या व वेग दोन्ही वाढतात. म्हणून अभयारण्याला बाहेरून वळसा घालणारा पर्याय पुढे आला. तो लांब असला तरी जंगलाबाहेरच्या अधिक गावांना रेल्वे मिळवून देईल, असे त्याच्या समर्थकांचे म्हणणे आहे.

अन्य ठिकाणांचे अनुभव

सातारा जिल्ह्यातील कास पठाराचा २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत समावेश झाल्यावर तेथे गर्दी उसळली. फुलांच्या हंगामात दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा, ऑनलाइन आरक्षण व स्थानिक गावांच्या समितीकडे व्यवस्थापन, असा मार्ग तेथे काढण्यात आला. पठाराभोवती घातलेले तारेचे कुंपण मात्र गुरे व वन्यप्राणी यांची ये-जा अडवीत असल्याच्या टीकेनंतर काढावे लागले. ऑस्ट्रेलियातील उलुरू या प्रचंड शिळेवर चढण्यास २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंदी आहे. मूळ रहिवासी अनंगु लोकांना ती शिळा पवित्र वाटते, आणि तेथील उद्यानाच्या मंडळात त्यांचे बहुमत आहे. मेळघाटातील कोणत्याही निर्णयमंडळात कोरकूंना असे स्थान नाही.

जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत विदर्भातील एकही किल्ला नाही. गाविलगड व नरनाळ्यास प्रसिद्धी कमी मिळते, याची खंत वऱ्हाडात व्यक्त होते. तथापि प्रसिद्धी येण्यापूर्वी व्यवस्था लावण्यास या दोन किल्ल्यांना अद्याप अवधी आहे. नरनाळ्याच्या पायथ्याशी शहानूरच्या फाटकावर पर्यटकाची नोंद होते, वेळ ठरलेली असते आणि सूर्यास्तापूर्वी खाली यावे लागते. पूर्वी गडाच्या दरवाजांना तिन्हीसांजेला अडसर पडत असे. आज ते काम वनरक्षक करतो.